इरोबाची खोळ

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, मॅडम, यंदा हलकंफुलकं काहीतरी द्या. जंगल, कॉलेजची मुलं, जुनी शिल्पं, मध्येच एखादा गवा. दिवाळीत लोकांना असलं वाचायला बरं वाटतं. मी हो म्हणाले. मला पटकन हो म्हणायची सवय आहे आणि या लेखात जे काही वाईट घडतं त्यातलं बरंचसं त्या सवयीतून घडलंय.

गवा येईल. पण हलकंफुलकं जमणार नाही. घाटमाथ्यावरच्या ज्या राष्ट्रीय उद्यानात मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना जुन्या दगडांची निगा राखायला शिकवते, तिथल्या एका दगडाला गेल्या चैत्रात कोणीतरी शेंदूर लावला. कोणी लावला याची चौकशी चालू आहे. माणूस सापडेपर्यंत त्या देवाच्या जत्रेची परवानगी थांबवलीय. जंगलातून उठवलेल्या लोकांच्या वसाहतीतल्या दोन पोरांना उद्यानाच्या कार्यालयात बोलावून बाकावर बसवून ठेवतात, संध्याकाळी सोडतात, पुन्हा बोलावतात. एकाची वीटभट्टीवरची नोकरी त्यापायी गेली.

कोणी लावला ते मला माहीत आहे. पण आधी माझं काम काय आहे ते सांगते, कारण ते माझ्या सासरच्यांनाही अजून नीट कळलेलं नाही. माझे धाकटे दीर पाहुण्यांना माझी ओळख करून देतात ती अशी: "आमच्या वैनी दगड धुत्यात. त्येचा पगार मिळतोय."

तसं ते खोटं नाही. जंगल राखीव झालं तेव्हा आतली गावं उठवली. माणसं गेली, गुरं गेली. देव, समाध्या, वीरगळ मागे राहिले. वीरगळ म्हणजे लढाईत किंवा गुरं सोडवताना मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी कोरून उभा केलेला दगड. अशा दगडांवर शेवाळ चढतं, मुळं शिरतात, वारुळं होतात. ते सगळं दगडाला ओरखडा न पाडता काढायचं. मऊ ब्रश, साधं पाणी, बांबूच्या पट्ट्या, आणि हट्टी थर असेल तर कागदाच्या लगद्याचा ओला लेप. लोखंड नाही, आम्ल नाही, घाई नाही. दर उन्हाळ्यात एक संस्था यासाठी कॉलेजची मुलं पाठवते. त्यांना इंटर्न म्हणतात. मुलांना प्रमाणपत्र मिळतं, संस्थेला आधीचे आणि नंतरचे फोटो मिळतात.

मुलं तऱ्हेतऱ्हेची. एकजण कोरे करकरीत बूट घालून आला आणि पहिल्याच दिवशी करवंदीच्या जाळीत बसला. काटे काढण्यात त्याचा आठवडा गेला. एकीनं टिपणात लिहिलं, 'येथील आदिम जमात नामशेष झाली आहे'. मी तिला सांगितलं, बाई गं, ती जमात हातकणंगल्याच्या बाजूला राहते, त्यांची पोरं एमआयडीसीत कामाला जातात. आणि गवा. एका सकाळी आम्ही पोचलो तर भला थोरला गवा आमच्या वीरगळाला अंग घासत उभा. आम्ही लांब करवंदीमागे. तो बराच वेळ घासत होता, एक बाजू झाली की दुसरी. निघून गेल्यावर एका मुलानं गंभीरपणे विचारलं, नोंदीत हे काय म्हणून लिहू? मी म्हटलं, लिही, झीज, कारण जैविक. तेव्हा सगळे हसलो होतो. आता तो गवा आठवला की हसू येत नाही. का ते पुढे कळेल.

थोडा अभिमानही सांगून टाकते. एकदा कोणी मोठे पाहुणे येणार म्हणून तिथल्या एका उत्साही माणसानं सगळ्या वीरगळांना चंदेरी ऑइलपेंट द्यायचं ठरवलं होतं. डबे उघडले होते. मी दगडासमोर जाऊन बसले. दुपारपर्यंत हलले नाही. पाहुणे येऊन गेले, रंग कुंपणाच्या खांबांना गेला. म्हणजे मला अडून बसता येत नाही असं नाही. येतं. जिथं अडून बसायला हवं होतं तिथं बसले नाही, एवढंच.

माझं माहेर हातकणंगल्याजवळचं, जैनाचं घर. शेती आणि अडत दुकान. वडील रोज पहाटे बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, अभिषेकाला जायचे आणि मी त्यांच्या मागोमाग. आमच्या देवाच्या अंगावर काहीच नसतं. ना वस्त्र, ना दागिना. पाणी, दूध घालून झालं की मूर्ती कोरडी पुसायची. बोटांच्या बेचक्यात, कानाच्या पाळीमागे थेंब राहू द्यायचा नाही. वडील ते इतकं हळुवार करायचे की मूर्तीला गुदगुल्या होतील की काय असं मला वाटायचं. दगड कसा हाताळायचा हे मी तिथं शिकले. नंतरच्या पदव्यांनी त्याला फक्त नावं दिली. पण त्याच बस्तीत माझ्या डोळ्याला एक वळण पडलं: दगड जेवढा उघडा तेवढा स्वच्छ, जेवढा स्वच्छ तेवढा देव. बस्तीचा यात काही दोष नाही. सगळ्या देवांना एकाच डोळ्यानं बघत गेले ती मी.

उठलेल्या एका गावाच्या वेशीवर इरोबा होता. दगड दिसतच नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या तेल आणि शेंदूर चढून त्याचा नारिंगी गोळा झाला होता, वर रुप्याचे दोन डोळे. कडेला थोडं कोरीवकाम डोकावत होतं, त्यावरून मी ओळखलं, आत वीरगळ आहे. आणि मला मोह झाला. या धंद्यात मोह असाच होतो, आत काय आहे ते बघायचा. मुलांना म्हटलं, या वर्षी हा. आधीचा आणि नंतरचा फोटो असा निघेल की बघत राहाल. संस्थेच्या साहेबांनाही कल्पना पसंत पडली. समारोपाला ते येणार होते.

लेप लावून थर नरम करायचं काम सुरू झालं. मुलांमध्ये नेसरीकडचा एक विक्रम होता. दणकट, कामसू, बोलणं कमी. त्या दिवशी त्यानं पट्टी खाली ठेवली आणि माझ्याजवळ आला.

"मॅडम, ह्यो मळ न्हाय. ह्येला खोळ म्हणत्यात. आमच्या गावात बी हाय. देव आपली आपण टाकतोय ती."

मी हातातलं काम न थांबवता म्हणाले, "टाकील तेव्हा टाकील. आपलं शिबिर शनिवारी संपतंय."

मुलं हसली. मला माझ्या हजरजबाबीपणाचं कौतुकही वाटलं. विक्रम जांभळीखाली जाऊन बसला तो शिबिर संपेपर्यंत त्या दगडाजवळ आला नाही. त्याच्या प्रमाणपत्रावर मी 'समाधानकारक' लिहिलं. बाकी सगळ्यांना 'उत्कृष्ट'.

त्याचं ऐकून सोडून दिलं असतं तरी अज्ञान म्हणून खपलं असतं. पण त्याच दुपारी एक मोठी ढलपी सुटली आणि मी ती हातात घेतली. कडेला थर दिसत होते. नारिंगी, मग काळपट, मग पुन्हा नारिंगी, मध्ये चांदीच्या वर्खाची रेघ, एका ठिकाणी अडकलेला तांदळाचा दाणा. मळ असा नसतो. मळ आपोआप बसतो. हे कोणीतरी, नेमानं, बोटांनी लावलेलं होतं. एका ढलपीवर तर बोटांचे पन्हळ स्पष्ट होते. मला कळलं. मी ती ढलपी पोत्यात टाकली आणि मुलांना म्हटलं, चला, आवरा.

शनिवारी साहेब आले. वीरगळ सुरेख होता हे कबूल केलं पाहिजे. खाली गाई, मधे ढाल धरलेला माणूस, वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. टाळ्या झाल्या. अहवालात मी लिहिलं, 'शिल्पावरील मळाचा जाड थर यशस्वीरीत्या काढण्यात आला.'

मळ हा शब्द माझा. त्याच्यापुढे जे झालं ते त्या एका शब्दावर उभं आहे. जे काढलं तो मळ, म्हणजे जे पुन्हा लावाल तेही मळ, म्हणजे लावणारा घाण करणारा. वर्षाच्या आत तिथं फलक लागला: संरक्षित शिल्प, स्पर्श करू नये, तेल, शेंदूर, गुलाल लावण्यास सक्त मनाई. उठलेल्या गावातल्या लोकांना वर्षातून एकदा जत्रेला आत सोडतात, सकाळी आत आणि उन्हं उतरायच्या आधी बाहेर. आता त्यांच्या पिशव्या नाक्यावर तपासल्या जाऊ लागल्या. काडेपेटी, विडीबरोबर शेंदराची पुडी आणि तेलाची बाटलीही काढून टेबलावर मांडायची. म्हाताऱ्या बायकांच्या पानसुपारीच्या चंच्या उलट्या करून बघायच्या. ज्या देवाला त्यांच्या आज्यापणज्यांनी सांभाळलं त्याच्यापासून त्यांनी चार हात लांब उभं राहायचं आणि फूल टाकायचं. गव्याला अजून परवानगी आहे. तो खुशाल अंग घासतो. त्याला फलक वाचता येत नाही हे त्याचं नशीब.

ही माणसं ज्या माळावर वसवलीत ती वसाहत माझ्या माहेराच्या वाटेवर आहे. एसटी तिथून जायला लागली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायची. असं किती वर्षं केलं ते मोजलेलं नाही.

मग गेल्या वर्षी संस्थेनं शिबिराचा नवा विषय काढला, 'अमूर्त वारसा'. म्हणजे ज्या लोकांचा देव आपण खरवडला त्यांच्याकडे मोबाइल घेऊन जायचं आणि देवाबद्दलच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या. हे ज्यानं कोणी सुचवलं त्याला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही, आणि मीसुद्धा हो म्हणाले.

इरोबाची पूजा ज्या गुरवाच्या घराकडे होती त्या घरच्या हौसाक्का. पत्र्याच्या खोलीपुढे घोंगडं टाकून बसल्या होत्या. मला विचारलं, "कुठलं पावणं म्हणायचं तुमी?" मी माहेरचं गाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "अगं, मग लांबची न्हवंच की तू. बस्तीपाशी अडत दुकान, त्या घरची व्हय? तुझ्या बापाकडनं बियाणं आणलंय आमी." सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि मला घोंगड्यावर शेजारी ओढून घेतलं.

मुलांनी मोबाइल पुढे धरले. हौसाक्का सांगत गेल्या. खोळ दरसाल टाकली जात नाही. एखाद्या माणसाच्या जन्मात एकदा. आधी तडा जातो, मग सांगावा फिरतो, गाव रात्रंदिवस पाळीनं राखण बसतं. कोणी हात लावत नाही. आपली आपण सुटली की नव्या फडक्यात धरायची, पाटीत घालून, ढोल वाजवत नदीला न्यायची. त्या दिवशी कोणाच्या घरात चूल पेटत नाही. त्यांनी एकदाच बघितली, त्या घरात नव्या नवरी म्हणून आल्या त्या वर्षी. सासऱ्यांनी ढोपरभर पाण्यात उभं राहून खोळ सोडली आणि ते ढसाढसा रडले, का ते तेव्हा त्यांना कळलं नव्हतं.

एक मुलगी मनापासून बोलून गेली, "आज्जी, आमच्या मॅडमनीच तो दगड एवढा स्वच्छ केलाय."

हौसाक्कांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"खोळ कुठं टाकलीसा, म्याडम?"

क्षणापूर्वी मी 'अगं' होते. मी खरं ते सांगितलं. पोत्यात भरून विश्रामगृहामागच्या खड्ड्यात.

"उष्ट्याखरकट्यात?"

मी मान हलवली. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मुलांना ते मशीन बंद करायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "चा घ्या म्याडम, गार हुतोय."

त्यानंतर मी कार्यालयात जाऊन सांगितलं की माझा शब्द चुकला, तो मळ नव्हता, फलक बदला, त्यांना लावू द्या. तिथले साहेब नवे होते, सभ्य होते. म्हणाले, मॅडम, भावना समजतात, पण एकदा संवर्धन झालेल्या वस्तूवर पुन्हा लेपन करायला परवानगी कशी द्यायची? त्यापेक्षा असं करू, माहिती केंद्रात या खोळीचं एक छान चित्र लावू, तुमच्या मुलांकडून काढून घेऊ. मी म्हटलं, माणसं जिवंत आहेत, देव जागेवर आहे, त्यांच्यात फक्त तुमचं टेबल आणि माझा शब्द आहे, आणि तुम्ही चित्र लावताय? असं मी म्हणायला हवं होतं. प्रत्यक्षात मी म्हणाले, बघूया.

घरी आल्यावर मात्र अंगाचा तिळपापड झाला. साहेबांच्यापेक्षा त्या 'बघूया'नं.

चैत्रात जत्रा आली. मी हौसाक्कांच्या नातवाच्या फोनवर विचारलं, मी येऊ का? पलीकडून त्यांचा आवाज आला, जत्रेला कुणाला आवतान लागत न्हाय. मी कोल्हापुरात महाद्वार रोडवरून शेंदूर घेतला, घरातल्या तेलाची बाटली घेतली, दोन्ही माझ्या कामाच्या पेटीत ब्रशांखाली ठेवलं. नाक्यावर नेहमीप्रमाणे पिशव्या उलट्या होत होत्या. माझ्या पेटीला कोणी हात लावला नाही. जा मॅडम, तुम्ही कशाला थांबता.

इरोबापुढे माणसं आखलेल्या रेघेमागे उभी होती. जत्रेत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. ढोल होते पण कोणी वाजवत नव्हतं. ज्याच्या अंगावर काही नाही त्याच्यापुढे कसं वाजवायचं, असं कोणीतरी पुटपुटलं. रखवालदार जांभळीखाली बसला होता, विक्रम बसला होता त्याच जांभळीखाली. मी हौसाक्कांजवळ जाऊन पेटी उघडली. त्यांनी आत डोकावून बघितलं.

"तुम्ही लावा," मी म्हटलं.

"मी का लावू? आमी लावलं तर गुन्हा हुतोय. तू लावलंस तर त्येला काम म्हणत्यात."

मी सवयीनं ब्रश उचलला.

"बरस ठेव. हातानं काढलंस न्हवं? हातानंच लाव."

तळहातावर शेंदूर आणि तेल कालवलं आणि रेघ ओलांडली. खालच्या गाईंपासून सुरुवात केली. दगड उन्हानं तापला होता, तेल लगेच पीत होता. ढाल झाकली, माणूस झाकला, अप्सरा झाकल्या. माझी आयुष्यातली सगळ्यात सुंदर सफाई मी माझ्याच बोटांनी पुसत होते आणि मला वडिलांचा हात आठवत होता, मूर्तीच्या कानामागून फिरणारा. मागे ढोलावर टिपरी पडली. रखवालदार उठून आला, मला बघितलं, आणि लोकांना दरडावून म्हणाला, "मागं सरा जरा. मॅडमना काम करू द्या."

पुढे त्यानं जबाबही तसाच दिला: मॅडम काम करत होत्या तोवर कोणी दगडाजवळ फिरकलं नाही, त्या गेल्यावर या लोकांनी केलं असणार. तो खोटं बोलला नाही. त्यानं जे बघितलं ते त्याला तसंच दिसलं. त्याला त्रास देऊ नये.

चार दिवसांनी कार्यालयात बैठक. शेंदूर कोणी लावला? मी तज्ज्ञ म्हणून बसले होते. साबणानं हात धुऊन धुऊन सोलवटले होते, तरी नखांच्या कडांना नारिंगी रेघ होती. मी हात टेबलाखाली ठेवले. वसाहतीतल्या त्या दोन पोरांची नावं निघाली, कारण ते ढोल वाजवत होते. मी बोलले नाही. एवढंच म्हणाले की थराचा नमुना तपासणीला पाठवते, अहवाल येईपर्यंत दगडाला कोणी हात लावू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो नमुना मी कुठेही पाठवलेला नाही. कसलाही अहवाल यायचा नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, मी त्या न पाठवलेल्या नमुन्यामागे लपून राहिले, आणि ती पोरं बाकावर बसत राहिली.

गेल्या महिन्यात संस्थेनं येत्या उन्हाळ्याचं नियोजन कळवलं. मुलांचं पहिलं काम: शिल्पावर समाजकंटकांनी लावलेला मळ काढणे. मार्गदर्शन माझं. चौकशी दोन पोरांवर ठपका ठेवून बंद व्हायच्या बेतात आहे, आणि ठपका जत्रेच्याच माणसांवर आला की येत्या चैत्रात जत्रा नाही. हौसाक्कांची नजर आता कमी झालीय. त्यांना पुढच्या वर्षी बघा असं सांगायला मी जाणार नाही.

तेव्हा इथं छापून सांगते. नाव लेखाच्या वर आहे, पत्ता कार्यालयाकडे आहे. शेंदूर मी लावला. भर दुपारी, तुमच्या रखवालदारासमोर, माझ्या दोन्ही हातांनी. कारवाई माझ्यावर करा, त्या पोरांना सोडा. आणि अहवालातला मळ हा शब्द मी मागे घेते; ज्या संस्थेला तो हवा असेल तिनं स्वतःच्या सहीनं लिहावा. विक्रमला मी फोन केला होता. तो आता शेती बघतो. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मॅडम, किती जाड बसलाय?

पातळ आहे. नखानंही निघेल एवढा. खोळ व्हायची तर त्याच्यावर दर चैत्रात हात फिरले पाहिजेत, माझ्यानंतर, हौसाक्कांच्या नातवंडांनंतर, आपली आपण सुटेपर्यंत. त्यासाठी त्यांना नाक्यातून आत सोडावं लागेल.